जाळीमागची मराठी

यंदाच्या उन्हाळ्यात मी एकवीस मॅचेस बघितल्या आणि प्रत्येक वेळी घरी येऊन बायकोला म्हटलं, "शी! पुन्हा म्हणून तिथे पाय ठेवणार नाही." शोशना मान वर न करता विचारायची, "उद्याची किती वाजता आहे?" तिला माझं सगळं पाठ आहे. बेसबॉल मला सुटत नाही आणि बेसबॉल बघायला येणारी माणसं मला सोसत नाहीत. पस्तीस वर्षं झाली कॅनडात येऊन, दोन्हींत तसूभर फरक नाही.

सीझनची सुरुवात डाउनटाऊनच्या मोठ्या स्टेडियमपासून झाली. एप्रिलमध्ये माझी नात नोगा म्हणाली, "नाना, माय ट्रीट." गेलो. तिथे खेळ कमी आणि गोंगाट जास्त. एक पिच, म्हणजे एक चेंडू, पडली की ढोल, दुसरी पडली की पडद्यावर नाचणारा कुठला तरी प्राणी. पुढच्या रांगेतला माणूस नऊच्या नऊ इनिंग्ज फोनवर पैज लावत होता. बॅटवर कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पण तो ह्या पिचवर आऊट होणार की नाही यावर त्याची पैज! शेजारची बाई चीज लागलेली बोटं माझ्या खुर्चीच्या हाताला पुसत होती. मी स्कोअरबुक बंद केलं. म्हटलं, बास झालं, त्यापेक्षा आपली घराजवळची पार्कं बरी.

बरी कसली डोंबलाची! रिचमंड हिलच्या पार्कात आऊटफिल्डभर त्या कॅनडा गीजची, म्हणजे रानहंसांची, घाण. पक्षी दिसायला राजबिंडा आणि मागे टाकतो काय, तर हिरवी बोटभर लेंडी. नॉर्थ यॉर्कच्या पार्कात बाकांखाली सूर्यफुलाच्या बियांच्या थुंकलेल्या टरफलांचा चिखल. वॉशरूम म्हणजे उन्हात शिजत ठेवलेलं निळं प्लास्टिकचं खोकं. जुलैमध्ये त्याचं दार उघडायचं तर आधी छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो बाहेर येईपर्यंत सोडायचा नाही.

तरी मी जायचो, कारण होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरच्या जागेच्या, मागे तोंडावर जाळीचा मास्क लावून नोगा उभी असायची. माझी नात अंपायर आहे. एकोणीस वर्षांची पोर. तेरा वर्षांची होईपर्यंत मुलांच्या टीममध्ये खेळली, मग म्हणाली, मला अंपायर व्हायचंय. तिला नियम मी शिकवले. आमच्या मुलीच्या, सिगलच्या, घरी आम्ही नवराबायको बेसमेंटमध्ये राहतो. शाळेतून आली की ही पोर थेट खाली यायची आणि माझ्या स्कोअरबुकात डोकं घालून बसायची. मी मराठीत सांगायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आमच्याकडे सगळ्यांचीच पोरं अशी. मराठी त्यांच्या डोक्यावरून जाते, असंच आम्ही धरून चाललेलो.

ऑगस्टमध्ये विनिपेगला मुलांची मोठी नॅशनल स्पर्धा होती. आमच्या भागातून एकच तरुण अंपायर तिथे पाठवणार होते आणि नोगाचं नाव शेवटच्या तिघांत होतं. विनिपेगला जाऊन आलं की पुढे मोठ्या मॅचेस मिळतात. नाही गेलं की मग बसा दहा वर्षांच्या पोरांच्या मॅचेस करत. जुलैमधल्या एखाद्या रविवारी परीक्षक येऊन बघून जाणार, एवढंच तिला कळवलं होतं. पोरगी रात्रंदिवस तेच घेऊन बसली होती. आरशासमोर हात उगारून "स्ट्राइक!" ओरडायची, तर वरच्या मजल्यावर सिगलच्या हातातलं दूध सांडायचं. शोशनाने तर एलियाहू हन्नाबीला, आम्हा मराठी ज्यूंच्या नवसाच्या प्रेषिताला, मलिदा बोलून ठेवला होता.

आता ह्या पार्कांतल्या आयाबापांबद्दल सांगतो. अख्ख्या सीझनमध्ये मला सगळ्यात जास्त किळस आली ती त्यांची. सकाळी चर्चला जाऊन आलेली, कुत्र्याशीसुद्धा "प्लीज" म्हणून बोलणारी माणसं. पण आपल्या चौदा वर्षांच्या दिवट्याला स्ट्राइक (असे तीन झाले की आऊट) दिला की उठून उभी राहून त्या पोरीला जे बोलायची, ते मी शोशनासमोर सांगू शकत नाही. "चष्मा घे," "घरी जा," "मेकअप पुसून बघ जरा," आणि ह्याहून घाण. एका बाबाने तर कॉफीचा कप प्रेक्षकांपुढच्या जाळीवर फेकला. माझं रक्त उकळायचं. पण नोगा! दगड. तिकडे बघायची नाही, मान हलवायची नाही. प्लेट ब्रशने साफ करायची, मास्क खाली ओढायची आणि म्हणायची, "प्ले." मला वाटायचं, हिच्या कानांना दारं आहेत.

आणि मी? मी सभ्य माणूस. मी कधी ओरडलो नाही. मी जाळीच्या मागे, होम प्लेटपासून चार-पाच पावलांवर खुर्ची मांडायचो आणि माझ्या शेजारी मिलिंद. मिलिंद पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, आमच्या समोरच्या घरात राहतो. बायको मुलांना घेऊन भारतात गेलेली, म्हणून हा मोकळा. त्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. "काका, हा रनआऊट का नाही?" "काका, ह्यात एलबीडब्ल्यू असतं का हो?" पण मला कोणीतरी मराठी बोलणारं हवं होतं. सीझनभर मनात जे साचायचं ते मराठीत ओकायचो. हिंदीत सोय नाही, इथे प्रत्येक पार्कात दोन तरी पंजाबी असतातच. मराठी कोणाच्या बापाला कळतेय? लिफ्टमध्ये, बँकेत, ग्रोसरीच्या रांगेत आम्ही सगळे हेच करतो. समोरच्याकडे बघून गोड हसायचं आणि मराठीत त्याची सालं काढायची.

तर मी त्या आयाबापांची सालं काढायचो. "तो टकल्या बघ, घरी बायकोपुढे मांजर असणार." कोचांची काढायचो. आणि खरं सांगायचं तर नोगाचीही काढायचो. घरी तिला मी कधी वेडंवाकडं बोललो नाही, पण तिथे, जाळीमागे, तोंडाला लगाम नव्हता. "अगं बये, खाली वाक जरा, तिथून काय कपाळ दिसणार तुला!" "आंधळी झाली काय ही?" "हिच्याच्याने होणार नाही रे मिलिंद, उगाच घोड्यावर बसवली." मिलिंद म्हणायचा, "काका, हळू." मी म्हणायचो, "अरे, तिला डोंबल कळतंय!" माझं प्रेमच आहे तिच्यावर, मला काळजी वाटायची. काळजी वाटली की माझ्या तोंडून असंच निघतं, आमच्या घराण्यात सगळ्यांचं असंच.

परीक्षक जुलैच्या तिसऱ्या रविवारी आला. उंच, पांढरी टोपी, हातात क्लिपबोर्ड. आमच्यापासून दहा फुटांवर उभा राहिला. पार्क रिचमंड हिलचंच, गीजची घाण तशीच, ऊन मरणाचं. नोगाने त्याला बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. सहा इनिंग्ज पोरीने अशा केल्या की माझ्यासारख्या खवट माणसाला नाव ठेवायला जागा सापडेना. मी मिलिंदला म्हटलंसुद्धा, "आज बरी करतेय." 

शेवटची इनिंग. घरच्या टीमला जिंकायला दोन रन हवे, दोन आऊट झालेले, सेकंड आणि थर्ड बेसवर त्यांची पोरं होम प्लेटकडे पळायला तयार. बॅटरने डावीकडे सणसणीत मारला. बॉल मैदानाच्या कडेच्या पांढऱ्या लाइनवरून उडत थर्ड बेसच्या पलीकडे जाऊन पडला. लाइनच्या आत किंवा लाइनवर पडला तर रन, बाहेर पडला तर फाऊल, सगळं परत पहिल्यापासून. नोगा मास्क काढून लाइनकडे धावली, थांबली आणि हात आत दाखवला. आत. रन. मॅच खलास.

पाहुण्या टीमचा कोच बाटली आपटून आला. आया किंचाळायला लागल्या. तो कॉफीवाला बाप जाळीला लटकला. नोगा आपली दगडासारखी उभी. "बॉल इज फेअर," एकदाच म्हणाली आणि पाठ फिरवली. परीक्षकाने काहीतरी लिहिलं, त्याचा चेहरा मला बरा वाटला.

पण मी बॉल बघितला होता ना! पस्तीस वर्षं बघतोय. माझ्या डोळ्यांना तो बाहेर दिसला, चांगला वीतभर बाहेर. परीक्षकासमोर एवढी ढळढळीत चूक! मी खुर्चीतून उठलो आणि मिलिंदला म्हणून जे बोललो ते त्याच्याकडे बघून बोललोच नाही. "बाहेर होता! साफ बाहेर होता! गाढवासारखी काय उभी आहे, मातीत घातलं सगळं! शरम वाटते मला!"

नोगा थांबली. पाठमोरी होती. तिने मान फिरवली, जाळीकडे बघितलं, जाळीकडे म्हणजे माझ्याकडे. मग बेसवरच्या दुसऱ्या अंपायरकडे चालत गेली, त्याच्याशी दोन शब्द बोलली. त्याने खांदे उडवले. ती परत आली आणि दोन्ही हात वर केले. फाऊल. रन रद्द.

आता घरच्या टीमच्या आया किंचाळल्या. पुढच्या पिचवर बॅटर आऊट झाला आणि घरची टीम हरली. चौदा वर्षांचा एक पोरगा हेल्मेट तोंडावर धरून रडत होता. मी मिलिंदच्या पाठीवर थाप मारली. "बघितलंस? सुधारली चूक. अशी पाहिजे अंपायर."

मिलिंद फोनवर काहीतरी पुढेमागे करत होता. भारतातल्या मुलांना दाखवायला त्याने शेवटची इनिंग रेकॉर्ड केली होती. त्याने फोन माझ्यापुढे धरला. बॉल पडतो. पडतो तिथे लाइनवरचा पांढरा चुना भुर्रकन उडतो. त्याने पुन्हा दाखवलं, सावकाश. चुना उडतो. लाइनच्या बाहेर चुना नसतो. लहान पोरालाही कळेल.

मी फोन हिसकावून परीक्षकाकडे धावलो. अडुसष्टाव्या वर्षी असा धावलो की गीजच्या घाणीत बूट सरकला. म्हटलं, बघा, मुलीचा पहिला निर्णय, पहिला कॉल, बरोबर होता, तिला नजर आहे. त्याने फोनकडे बघितलंही नाही. फार नम्रपणे म्हणाला, "आय नो, सर. मीही बघितला चुना." मग क्लिपबोर्ड काखेत मारून म्हणाला, "चुकीचे कॉल सगळे करतात. बरोबर कॉल दिल्यावर जी कोणाचं तरी ऐकून फिरवते, तिला मी विनिपेगला नाही पाठवू शकत." त्याला मराठी येत नव्हती, पण ती कोणाकडे बघून फिरली ते त्याने नीट बघितलं होतं. माझ्याकडे एकदा बघून तो निघून गेला.

गाडीत नोगा पुढे बसली, मिलिंद मागे. तिने पट्टा लावला. गुडघ्यांवर मास्क. परीक्षकाने तिला आधीच सांगितलं होतं, ते चेहऱ्यावरून कळत होतं. मला माझाच राग आला होता, पण माझा राग कसा, तर तोंडातून निघताना दुसऱ्यावरच निघतो. मी म्हटलं, "कशाला फिरवलास कॉल? एवढे लोक बोंबलले तेव्हा नाही हललीस, आणि मग कोणाचं ऐकलंस?"

"यूअर्स," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुला... मराठी कळते?"

"नाना, मी तुमच्या बेसमेंटमध्ये मोठी झाले." हे ती मराठीत म्हणाली. माझ्या मराठीत, माझ्याच हेलात. पुढचं पुन्हा इंग्रजीत. मे महिन्यापासून मी जे जे बोललो ते सगळं तिने ऐकलं होतं. आंधळी. घोड्यावर बसवली. होणार नाही हिच्याच्याने. एकेक शब्द तिने मोजून सांगितला, न रडता. मिलिंद खिडकीबाहेर बघायला लागला.

"आणि ती माणसं जे बोलतात ते?" मी विचारलं. "ते ऐकू येत नाही तुला?"

"दे डोन्ट नो बेसबॉल," ती म्हणाली. "यू डू."

मी गाडी सुरूच केली नव्हती. आत उकडत होतं, माझ्या बुटाला घाण लागली होती, तिचा वास येत होता. सबंध उन्हाळा मी ज्या लोकांची किळस करत होतो, त्यातला एकही तिला हलवू शकला नव्हता. मी शेवटी म्हटलं, "नोगा, बॉल आत होता. मिलिंदने काढलंय फोनवर. तू बरोबर होतीस, बेटा. मी चुकलो."

मला वाटलं, ती म्हणेल, दाखवा. ती म्हणाली, "मला माहितीय. मी चुना उडताना बघितला."

"बघितलास? मग का गं?"

तिने मास्क मागच्या सीटवर, मिलिंदच्या शेजारी ठेवला.

"तुम्ही म्हणालात, शरम वाटते."