टोड-ईटर

सावलीच्या मुखरूजी मालगुजारांची गावचा सारा वसूल करायची मालगुजारी इंग्रज सरकारने थकबाकीपायी काढून घेतली, ऐट मात्र काढायची राहून गेली. पोळ्याला तोरणाखालून पहिली बैलजोडी अजून त्यांचीच जाई, आणि गावच्या शाळेचा हेडमास्तरही तेच नेमत. त्या खुर्चीसाठी गुणवंतराव मास्तर रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसत आणि मालगुजारांच्या ढेकरालाही "वा!" म्हणत.

एका संध्याकाळी मुखरूजी म्हणाले, "मास्तर, चांद्याच्या गोऱ्या सायबाले म्या हार घातला, चितळाचं कातडं देल्लं, त्याचे बूट आपल्या दुपट्ट्यानं पुसले. तं तो मडमेले म्हणे, 'टोड-ईटर'. पदवी दिसते. अर्थ सांगा."

अर्थ मास्तरांना पाठ होता: बेडूकखाऊ. विलायतेत भोंदू वैद्य भरबाजारात आपल्या नोकराला विषारी बेडूक गिळायला लावत. नोकर गिळल्याचे सोंग करून तडफडे, वैद्य औषध पाजे, नोकर टुणकन उठे आणि बाटल्या खपत. पुढे धन्यासाठी वाटेल ते गिळणाऱ्या लाळघोट्याला तेच नाव पडले. साहेबाने माणूस बरोबर ओळखला होता. पण हे सांगावे, तर खुर्ची गेली.

"सांगा ना, मास्तर!"

"मोठा शब्द आहे जी, दम घेऊन राह्यलो," मास्तर म्हणाले. "राजाचं औषध आधी स्वतः पिऊन पाहणारा, तो टोड-ईटर. धन्यासाठी जिवावर उदार!"

मुखरूजींची छाती फुगली. पोळ्यापर्यंत ते गावभर टोड-ईटर म्हणून मिरवले.

पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे होते. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे दम खात होते. तेवढ्यात मुखरूजींनी हात वर केला.

"आयका! आजपासून गुणवंतराव हेडमास्तर. अन् माही पदवीबी म्या त्याईलेच देल्ली. माह्यासाठी जिवावर उदार होणारा गावात दुसरा हाय कोन?"

"हर हर महादेव!" गाव ओरडले.

नवाब पेंटरने ब्रह्मपुरीहून पाटी रंगवून आणली. शाळेच्या दारावर इंग्रजीत, लाल अक्षरांत: गुणवंतराव, टोड-ईटर, हेडमास्तर. मास्तरांची बायको शकुबाई हळदकुंकू घेऊन आली. तिने पाटीला बोट लावले, वाकून नमस्कार केला आणि विचारले, "मोठा मान हाय ना जी हा?"

"लय मोठा."

"मंग तोंड असं काऊन केलं?"

"काई नाई," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आवंढा गिळला.