ठकीच्या डोळ्यांतलं पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर थेंबवाले महाराज आठ वर्षांच्या ठकीला पुढे घेऊन उभे होते.

"माझ्या थेंबांनी हिचं तुंबलेलं पोट सुटलं. रोग कसा गेला? डोळ्यांवाटे, तोंडावाटे, घामावाटे!"

बाहेर पडायला इतके दरवाजे असताना रोग आत मुक्काम ठोकून का बसला होता, हे कुणी विचारलं नाही. लोक भान हरपून ऐकत होते.

पहिल्या रांगेत ठकीची आई मान खाली घालून बसली होती. ठकीला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. छातीत चिकट कफ, आतडी सारखी तुंबलेली. या आजारावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला आतड्यांना चालना देणारी, कोलिनेस्टरेज नावाचं शरीरातलं विकर रोखणारी गोळी सुरू केली होती आणि आधीच बजावलं होतं, आतडी हलतील, पण लाळ, घाम, डोळ्यांतलं पाणीही वाढेल. त्याच आठवड्यात नणंदबाई महाराजांचे थेंब घेऊन आल्या. पोट सुटलं, डोळे वाहिले आणि श्रेय थेंबांनी पळवलं. नणंदेशी वाद नको म्हणून आई गप्प राहिली. गोळी गुपचूप चालू होती, पोरीला बरं वाटत होतं, आईचं भागत होतं.

आज मात्र शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर तोच आजार असलेलं मूल किरकिरत होतं. तुमच्या लेकीचं ऐकलं आणि इस्पितळाची औषधं बंदच करून टाकली, असं ती बाई कौतुकाने सांगत होती. आई उठून थेट मंचावर गेली.

"महाराज, आत्ता थेंब द्या हिला. रोग डोळ्यांवाटे काढून दाखवा."

महाराजांनी सढळ हाताने थेंब पाजले. सगळे माना उंचावून बघत राहिले. ठकीचे डोळे कोरडे ठणठणीत.

"साखरेचं पाणी आहे," ठकी म्हणाली.

कुणाची तरी श्रद्धा कमी पडतेय, असं महाराजांनी जाहीर केलं.

"श्रद्धा नाही, गोळी कमी पडतेय," आई म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी ती परवा बंद केली. पोटाला गुण आला, पण छातीतला कफ वाढला. हिला हे औषध चालणार नाही, दुसरं बघू, असं त्या स्वतःच म्हणाल्या. आपले थेंब चुकले असं हे कधी म्हणालेत का, विचारा यांना."

नणंदबाई पदराशी चाळा करत राहिल्या. महाराज घसा कोरडा पडल्याचं सांगून पडद्यामागे गेले.

आई खाली आली तेव्हा ती बाई उभी होती. "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग?"

आईला मान वर करवेना. घरात शांतता राहावी म्हणून ती गप्प बसली होती आणि तिच्या गप्प बसण्यावरच ही सभा भरली होती.

"औषधं आजच सुरू करा. मी येते तुमच्याबरोबर इस्पितळात," ती कशीबशी म्हणाली.

बाई दाराकडे चालू लागली. गुण आला की तो कशाने आला, हे विचारायलाच हवं. आणि ज्याला माहीत आहे त्याने वेळेवर तोंड उघडायला हवं. ठकीची आई मागोमाग निघाली. बाईच्या खांद्यावरून ते मूल तिच्याकडे बघत खोकत होतं.