तिसऱ्या मजल्यावरचा सत्कार

या, असे जवळ सरकून बसा. एका संस्थेची गोष्ट सांगतो. काम देवाला आवडावं असं, आणि चालवणारे असे की देवानेच कपाळावर हात मारून घ्यावा.

तळमजल्यावर एक कारागीर कृत्रिम पाय बनवायचा. मुलं वाढतात, बसवलेला पाय वाढत नाही. म्हणून दरवर्षी नवा लागतो. प्लास्टिक तापवायची भट्टी मात्र म्हातारी झालेली. नवी आली नाही तर मुलांचे पाय बंद. नव्या पायाच्या यादीत पहिली होती टिटवी, अखंड बडबडणारी आठ वर्षांची पोर.

भट्टीचा खर्च पेलेल असा दाता एकच, कुलपांचा कारखानदार. त्याला सगळे कुलूपवाले म्हणत. अशा मोठ्या दात्यांसाठी संस्थेत एक बाई नेमली होती. ती त्यांच्याकडे जायची, ऐकायची, कारागिराचं काम दाखवायची आणि वेळ आली की स्वच्छ शब्दांत मागायची. कुलूपवाल्यांकडे ती दोन वर्षं जात होती. भट्टीचा विषय आता काढायचाच होता.

तेवढ्यात अध्यक्षांना काटकसर सुचली. “घरोघरी चहा पिण्याचा पगार कशाला? मागायला तोंड देवानं सगळ्यांनाच दिलंय.” बाईला निरोप मिळाला. दाते विश्वस्तांमध्ये पत्ते वाटावेत तसे वाटले गेले, आणि दुसरा फोन करेल या भरवशावर प्रत्येक जण निवांत झोपला. बाईने जाताना आपली वही दिली होती. अध्यक्षांचं टेबल डुगडुगत होतं. वही त्याच्या पायाखाली गेली.

तीत कुलूपवाल्यांच्या पानावर लिहिलं होतं: जिना नको. फोटो नको. खाली कारागिरापाशी बसवा, भट्टी दाखवा, मग मागा.

कुलूपवाले स्वतःहून भेटायला येतो म्हणाले, तेव्हा अध्यक्षांनी सत्कार ठरवला. तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट महिनाभर बंद. कारागीर दारात येऊन म्हणाला, “साहेब, खालीच घ्या. ऐका माझं.” कारण सांगेना, शब्द दिला होता त्याने कुणाला तरी. अध्यक्षांनी नाक मुरडलं. पाहुण्याला काय प्लास्टिकच्या वासात बसवायचं?

कुलूपवाले काठी टेकत पहिल्या मजल्यापर्यंत चढले आणि थांबले. वरून खजिनदार लाडात म्हणाले, दोनच जिने राहिलेत, या वयात व्यायाम बराच. कुलूपवाले पायरीवर बसले. पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पट्टा सैल केला. पाय इथलाच होता, तळमजल्यावरचा. पुष्पगुच्छ घेतलेले अध्यक्ष कठड्यावरून बघतच राहिले.

“बाई कुठं आहेत?”

“त्यांना मोकळं केलं. आता त्यांचं काम आम्ही सगळेच बघतो.”

“दिसतंय,” कुलूपवाले म्हणाले आणि धरून धरून खाली उतरले.

अर्धा तास ते कारागिरापाशी बसले. अध्यक्ष लाजेने खाली फिरकले नाहीत. बाकीचे विश्वस्त आणलेला नाश्ता वाया जाऊ नये म्हणून वरच थांबले. कारागिराने पट्टा नीट बसवून दिला. कुलूपवाल्यांनी दोनदा विचारलं, “आणखी काही लागतं का तुम्हाला?” जन्मभर तोंडात स्क्रू धरून काम केलेला माणूस तो. मागणं त्याला कुठून जमणार? मागे भट्टी धुरकटत होती. तो संकोचून म्हणाला, “काही नाही, आपली कृपा आहे.”

कुलूपवाले गेले. पुढच्या महिन्यात त्यांची देणगी एका इस्पितळाला मिळाली. तिथे कुणीतरी नीट मागितलं होतं. विश्वस्तांनी बैठकीत ठराव केला की श्रीमंतांची दानत उरलेली नाही. भट्टी त्याच आठवड्यात विझली.

अध्यक्षांना तुम्ही विसरलात तरी चालेल; त्यांचा पुष्पगुच्छासकट फोटो भिंतीवर आहे. पण आज हात जोडाल तेव्हा, गेल्या वर्षीच्या आखूड पायावर लंगडत, तरीही बडबडत शाळेत जाणाऱ्या टिटवीची आठवण ठेवा.