वाफ्यातली लीद

"लीद? माझ्या कारमध्ये?" शिवांगीनं डिकी उघडली आणि नाक दाबलं.

"सोनं म्हन त्याला," तिची सासू नंदाबाई म्हणाली. "तुज्या पिशवीतल्या मातीला ना वास ना जीव."

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या त्या घरामागची जमीन लाल आणि चिकण. पावसात लोणी, उन्हात वीट. म्हणून शंतनूनं फळ्या ठोकून उंच वाफा केला होता. त्यात काय भरायचं, यावरून त्याच्या आईचं आणि बायकोचं रोज वाजत होतं. शिवांगी ऑफिसला गेल्यावर नंदाबाईनं लेकाला गाडी काढायला लावली आणि जवळच्या तबेल्यातून मुरलेली लीद आणली.

"मी बॅग्स ऑर्डर केल्यात, आई. हे रिटर्न करा."

"घोड्याला परत खायाला घालू व्हय?"

शंतनू हसला. दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो फावडं शोधायला गेला.

"ठीक आहे. पीक आलं तर वाफा तुमचा," शिवांगी म्हणाली. "नाही आलं तर मी काढून टाकणार."

त्या घरात नंदाबाईचा शब्द चालेल अशी तेवढीच जागा होती.

गवार, टोमॅटो तरारून आले. जूनमध्ये पानं मुठी आवळल्यासारखी वळली आणि शेंडे पिळवटले.

"दिष्ट लागली. कुनाची, ते ठावं हाय मला."

"माझी? तुमचं खतच खराब असेल."

"खत न्हाई, नजर खराब."

शिवांगीनं खरं-खोटं करायचं ठरवलं. दोन कुंड्यांत गवार लावली, एकीत लीद, एकीत पिशवीतली माती. लीदवाली वळली. मग तिनं तबेल्यात फोन केला. कुरणावर तणनाशक मारलेलं होतं. ते घोड्याच्या पोटातूनही जिवंत बाहेर येतं. गवताला काही करत नाही, भाजीपाला मारतं.

नंदाबाईनं दोन्ही कुंड्यांतली पानं उलटून पाहिली. खतात इख असतं, हे तिच्या उभ्या जन्मात तिनं ऐकलं नव्हतं.

"संडेला वाफा काढतेय," शिवांगी म्हणाली.

"गवत मरत न्हाई म्हनलीस?"

"हो. का?"

नंदाबाईनं मेलेली रोपं उपटली, डब्यातली भाकरीची ज्वारी मूठभर घेतली आणि वाफ्यात पेरली. ज्वारी गवताचीच जात.

"हे चीटिंग आहे, आई!"

"पीक म्हनलीस. गवारच पायजे म्हनली न्हाईस."

सप्टेंबरात ज्वारी कुंपणाच्या वर गेली, कणसं भरली आणि पाखरं उतरली. नंदाबाई डेकवरून दिवसभर थाळी बडवत ओरडायची. घरून काम असलं की वरच्या खोलीत शिवांगीच्या ऑनलाइन मीटिंगा चालायच्या. शेवटी म्हातारीचा घसा बसला, थाळीचीही पाखरांना सवय झाली. थवा निवांत दाणे टिपू लागला.

वरची खिडकी धाडकन उघडली.

"हाऽऽ! गो! हाऽऽ!" शिवांगी टाळ्या पिटत ओरडली. मग खाली बघून म्हणाली, "तुमच्यासाठी नाही हं. तुमच्या थाळीनं डोकं उठलंय म्हणून."

नंदाबाईनं मान वर केली आणि बसक्या घशानं म्हणाली, "मग जरा मोठ्यानं वरड की. पाखरं हसत्यात तुला."