शेठजींच्या ओट्यापर्यंतचं बोर्डिंग

मला बोर्डिंगमधून काढून टाकलं. पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा झालो. आता ते झालंच नाही असं आपण धरू. व्यवस्थापक मंडळानंही तसंच धरलेलं आहे, आणि मंडळाशी एका तरी बाबतीत माझं पटावं अशी माझ्या आईची फार इच्छा आहे.

आमचं बोर्डिंग जळगावात, रतिलालशेठजींच्या बंगल्याला खेटून. शेठजी कापसाच्या जिनचे मालक, शिवाय बोर्डिंगचे चिटणीस. यावल, बोदवड, एदलाबादकडची आम्ही सगळी पोरं एकाच हॉलमध्ये निजायचो. गोधड्या इतक्या जवळ की एकट्याला कूस बदलता येत नसे. कुणाचं अंग अवघडलं की तो शेजाऱ्याला सांगे, शेजारी भटूला, आणि भटू ओरडे, "वळा!" मग अख्खा हॉल एकदम वळायचा. नवा पोरगा उलटीकडं वळला तर दोन नाकं एकमेकांवर आपटायची. यालाच मंडळाच्या अहवालात 'बंधुभाव' म्हटलेलं आहे.

भटू बोदवडचा. आवाज मोठा म्हणून हे खातं त्याच्याकडं. निजायचा माझ्या उजव्या हाताला. मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली आणि एका सकाळी भटू उठलाच नाही. अंग तव्यासारखं, मान लाकडासारखी, पोटावर जांभळे ठिपके. स्वयंपाकाच्या धुरपदाअक्कानं त्याला पाहिलं आणि हातातली पळी टाकली.

"हाई गर्दनतोड ताप शे," ती म्हणाली. "टांगा आना. उभा काय राह्यनात बठ्ठा?"

दवाखान्यात पेनिसिलीननं भटू वाचला. त्याचा डावा कान मात्र वाचला नाही.

इकडं आमचे सुपरिंटेंडंट तोतारामनाना कामाला लागले. त्यांनी भटूची गोधडी जाळली, हॉलमध्ये गंधकाचा धूर केला आणि वारा बाधू नये म्हणून सगळ्या खिडक्यांना खिळे ठोकले. मग भटूची जागा फुकट जाऊ नये म्हणून तिथं आपला भाचा छगन आणून निजवला.

डॉक्टर सुनंदाबाई नुकत्याच धुळ्याहून बदलून आल्या होत्या. भटूच्या दोन्ही बाजूंना निजणाऱ्यांच्या घशात त्यांनी कापूस गुंडाळलेली तार फिरवली. तपासणीत उजवीकडचा सुटला. माझ्या घशात जंतू निघाला.

"पण मी तर ठणठणीत आहे, बाई."

"तेच तर. तुमच्या वयाच्या पोरांच्या घशात हा बिऱ्हाड करून राहतो. बहुतेकांना काही करत नाही. एखाद्याच्याच रक्तात उतरतो, मग भटूसारखं होतं."

"म्हणजे त्याला मी दिला?"

"तू दिलास, की त्यानं तुला दिला, की तिसऱ्यानं दोघांना, हे कुणालाच सांगता यायचं नाही. सगळ्यांचे घसे पाहिले तर आणखी निघतील."

"म्हणूनच पाहायचे नाहीत," नाना म्हणाले.

बाईंनी मला सल्फाच्या गोळ्या दिल्या. खिडक्या उघडा, दोन अंथरुणांत तीन फूट जागा ठेवा, आणि या पोराला हाकलू नका, असं बजावलं. नानांनी तिन्ही गोष्टींना मान हलवली. बाई फाटकाबाहेर पडल्या तसे माझ्याकडं वळले.

"झुलाल, वळकटी बांध. यावलची मोटार धर."

"आणि परीक्षा, नाना?"

"पुढल्या वर्षी."

पुढलं वर्ष म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. वर्षभर केळीचे घड वाहिलेला पोरगा पुन्हा पुस्तकाशी आलेला आमच्या आळीत कुणी पाहिला नव्हता. शिवाय गावात बातमी माझ्याआधी पोचली असती. आमच्या विहिरीवरसुद्धा मला कुणी उभं केलं नसतं.

"मी जात नाही," मी म्हणालो.

"मग निजशील कुठं?"

"बाईंनी सांगितलंय तिथं."

नाना दुपारचे आडवे झाले होते. त्यांची उशाशी ठेवलेली काठी बरोबर तीन फुटांची निघाली, हा दैवी संकेत. मी ती घेतली, वळकटी घेतली आणि पोरांना म्हणालो, "चला, आरोग्य करू."

भिंतीपासून सुरुवात केली. एक अंथरूण, एक काठी, एक अंथरूण, एक काठी. निम्मी पोरं व्हायच्या आत हॉल संपला. नियम तर संपला नव्हता. मग रांग दारातून ओसरीत गेली, ओसरीतून अंगणात, फाटकातून रस्त्यावर. एक टांगेवाला थांबला, त्याला काठी दाखवली, तो वळसा घालून गेला. रांग रस्त्यानं सरकत सरकत शेठजींच्या ओट्यावर चढली. जंतुवाला म्हणून मी सगळ्यांच्या शेवटी. माझं अंथरूण नेमकं त्यांच्या झोपाळ्याखाली आलं.

दिवेलागणीला शेठजी झोपाळ्यावर बसायला बाहेर आले.

"अरे, आ शुं छे?" त्यांच्या तोंडून निघालं. मग मराठीत, "हे काय?"

"बोर्डिंग, शेठजी."

"बोर्डिंग तिकडं आहे!"

"तिकडूनच आलंय. मला बाहेर काढलंय म्हणतात, पण मी आतच आहे. आता बोर्डिंगच इथवर आलं, त्याला मी काय करू?"

"तो घशाचा पोरगा कोणता?"

"मीच."

शेठजी झटकन मागं सरले. अंदाजानं तीन फूट.

तेवढ्यात नाना काठीशिवाय लंगडत आले. "शेठजी, हा हरामखोर..."

"नाना, यांना इथून उठवा!"

"सगळ्यांचे घसे पाहा, मग उठतो," मी म्हणालो. रांगेतून एकेक जण ओरडायला लागला, "बठ्ठासना घसा दखा!" सगळ्यात मोठ्यानं धुरपदाअक्का, आणि ती तर रांगेत नव्हतीच.

ओटा मोकळा व्हावा म्हणून शेठजींनी दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावलं. आणखी पाच-सहा घसे निघाले. त्यातला एक छगनचा.

नानांनी भाच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "झुलालला काढण्याचा हुकूम मी दिला होता, असं कोण म्हणतो?"

कुणीच म्हणेना. सगळ्यांना गोळ्या मिळाल्या, खिडक्यांचे खिळे निघाले, मी परीक्षेला बसलो. काठीनं मोजली तर गोष्ट इथं संपते.

परीक्षेआधी भटू परत आला. त्यानं आपली नवी गोधडी माझ्या उजवीकडं टाकली, काठीनं मोजून. छगन मुकाट्यानं पुढं सरकला. सवयीनं मी म्हणालो, "वळा म्हण की." भटूला ऐकू गेलं नाही. मी उठून त्याच्या उजवीकडं गेलो आणि पुन्हा म्हणालो. तो हसला. "आते कशाले? आते एकलाले वळता येस."

हॉल अजून तेवढाच आहे. निम्मी पोरं अंगणात निजतात, आणि पावसाळा येणार हे मंडळाला अधिकृतपणे माहीत नाही. सबब व्यवस्थापक मंडळास नम्र विनंती की, संस्थानं विलीन झाली त्याच धर्तीवर रतिलालशेठजींचा ओटा झोपाळ्यासह बोर्डिंगमध्ये विलीन करण्यात यावा. आणि ते शक्य नसल्यास, भटूचा डावा कान त्यास, होता त्या स्थितीत, विनाविलंब परत करण्यात यावा.