तीन पेशींची काचपट्टी

दिनांक १२ ऑगस्ट २०२४, सोमवार, सकाळी साडेदहाची वेळ; स्थळ, सोलापुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयाचा शरीररचनाशास्त्र विभाग. त्या वेळी व त्या स्थळी मला कचऱ्यात टाकण्याचे ठरले.

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. माझ्या अंगावर उंदराच्या मेंदूचा काप आहे. येथील तंत्रज्ञ इमामसाब यांनी तो मेंदू आधी नारिंगी क्षारात मुरवला, मग चांदीच्या क्षारात बुडवून अंधाऱ्या कपाटात ठेवला, आणि तेव्हा कुठे त्यातील मोजक्या चेतापेशी काळ्याभोर उमटल्या. मोजक्याच, हे नीट ध्यानात घ्या. पुढचा सारा घोळ त्यावरूनच झाला.

आम्ही चौदा जणी होतो. इतर काप पातळ असतात. आमचा जाड, त्यावर झाकणकाचही नाही. तरी दरवर्षी कुणीतरी सूक्ष्मदर्शकाचे मोठे भिंग खाली दाबी आणि एकीचा चुरा होई. ‘हळू’ म्हणजे काय, हे या मुलांना किती वेळा सांगावे? शेवटी मी एकटी उरले.

त्या सोमवारी नवे अध्यापक दिग्विजय सर जुन्या पट्ट्या निवडत होते. चांगल्या त्या पेटीत, उरलेल्या त्या कचऱ्याच्या बादलीत. मला त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली क्षणभर पाहिले, आणि संपले.

“चाचा, ह्यात तीनच पेशी रंगल्यात. बाकी सगळं रिकामं.”

“रिकामं न्हाई सर, दाट भरलंय,” इमामसाब म्हणाले. “सगळ्या रंगल्या असत्या तर नुसती काळी काच दिसली असती की. कुणाची फांदी कुठली, काय कळलं असतं?”

“आणि धूसर का?”

“जाड काप हाय. भिंगाची चाकी फिरवत खाली उतरायचं. तुमी वेशीवर उभं राहून म्हणताय, गाव दिसंना.”

सरांनी मला पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. आता बोटे सावकाश फिरली. एक वृक्षिका, म्हणजे पेशीची फांदी, वर आली, तिला दोन फाटे फुटले. ते धूसर होताच खालून तिसरा स्पष्ट झाला, आणि त्यावर बारीक काटे. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही.

मित्रांनो, न दिसलेल्याला रिकामे म्हणण्याआधी एवढी चाकी तरी फिरवावी. याहून अधिक मी काही मागत नाही.

सर उठले.

“चाचा, पट्टीत दोष नाही. वर्गात मी स्वतः लावीन. मुलांच्या हातात मात्र द्यायची नाही.”