करंगळीने वाचलेला फासा

संपत जिना चढायला लागला, की त्याच्या आधी त्याचा वास वर यायचा. जळक्या वाळूचा, तापून निवलेल्या लोखंडाचा वास. रविवारी न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला अंगारा लावून तो आला, तरी त्या सगळ्याच्या तळाशी तो वास असायचाच. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत हिवाळ्याचं तिरपं ऊन टेबलावर पसरलेलं असायचं, लांबून ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची गाणी ऐकू यायची, आणि त्या प्रसन्न आळसात हा करपट गंध एकेक पायरी चढत यायचा. मी न बघता चहाचं आधण वाढवायचो.

आम्ही चौघं दर रविवारी दुपारी एक खेळ खेळतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि गोष्टीत काही अडलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. मोठा आकडा आला की निभावलं, लहान आला की बोंबललं. एवढंच. माझी बायको याला उतारवयातली भातुकली म्हणते. म्हणू दे बापडी. आठवडाभर लोकांच्या तोंडातली पोकळी भरणाऱ्या माणसाला एक दुपार राज्य जिंकावंसं वाटलं, तर त्यात कुणाच्या बापाचं काय जातं?

मी दात बनवतो. कवळ्या, टोप्या, पूल. डॉक्टर माप पाठवतात, मी घडवून देतो. म्हणून टेबलावर माझं नाव कवळीवाला. शिवलीला निपाणीकडची, दूध संघात दुधाचं फॅट तपासते; खेळात ती जादूगारीण असते आणि कुठलंही पेय आधी हुंगल्याशिवाय कुणाला पिऊ देत नाही. महेश कळंब्याच्या कारागृहात शिपाई. तो खेळात जन्मभर चोरच होत आलाय, आणि कुलूप उघडलं की त्याच्या चेहऱ्यावर जी निर्मळ कांती पसरते, ती त्याच्या साहेबांनी बघू नये. आणि संपत शिरोलीला, एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, भट्टीवर. लोखंडाचा रस साच्यात ओतणं हे त्याचं काम.

पण ही कामं मी आज सांगतोय. टेबलावर त्यांचा उच्चार वर्ज्य होता. नोकरी चपलांबरोबर दाराबाहेर काढायची, हा आमचा पहिला नियम. दुसरा नियम भांडणातून जन्माला आला. पूर्वी कुणीही फासा टाकला की तिघं वाकून बघायचे, शंका काढायचे, एकदा तर शिवलीलानं महेशच्या अंगावर शेंगदाण्याची बशी फेकली. तेव्हा ठरलं, की ज्याचा फासा, त्याच्याच तोंडचा आकडा. कुणी वाकायचं नाही, कुणी तपासायचं नाही, आणि एकदा बोललेला आकडा बदलायचा नाही. या नियमाचा आम्हाला मोठा अभिमान होता. जगात कुठेच उरला नाही एवढा विश्वास आमच्या टेबलावर आहे, असं मी चारचौघांत सांगायचो.

संपतचा माणूस नावाडी होता. इतकी वर्षं तोच. आम्ही राजे झालो, मेलो, पुन्हा कुणी झालो. हा आपला होडी घेऊन कुठल्या तरी काठावर उभा. त्याच्या नावाड्याजवळ पाण्यानं भरलेली पखाल कायम असायची, आणि गोष्टीत कुठे आग दिसली की संपत हात आडवा करून म्हणायचा, “तिकडं माझा माणूस जाणार न्हाय. तुमी जावा, मी हितं पाण्यापाशी हाय.” आम्ही हसायचो. सहा दिवस आगीपुढे उभा राहणारा माणूस सातव्या दिवशी पाणी मागतो, हे कळायला फार शहाणपण लागत नाही. पण नियम होता ना, त्यामुळे त्यावर कुणी बोललं नाही.

त्याचे हात आठवले की मला अजूनही चुलीवरच्या तव्याची पाठ आठवते. अंगठे तर असे रापलेले, की चहाचा उकळता पेला तो कडेला न धरता पेल्याच्या पोटालाच धरायचा. आवाज मात्र मऊ. भट्टीच्या गर्जनेत आयुष्य काढलेली माणसं ओरडून बोलतात, हा उलट इतका हळू बोलायचा की त्याच्या बोलण्यासाठी खोली आपोआप शांत व्हायची.

त्या हिवाळ्यात त्याच्या पाहण्यात काहीतरी बदललं. तो माझ्याकडे बघून बोलायचा, पण नजर माझ्या कानाशी असायची, जणू माझ्या शेजारी आणखी कुणी बसलंय आणि खरं बोलणं त्याच्याशी चाललंय. बशीतला शेंगदाणा उचलताना बोटं आधी बशीची कड शोधायची. फासा टाकला की तो मान किंचित वळवून, तिरपा होऊन बघायचा, क्षणभर थांबायचा आणि मग आकडा सांगायचा. मी त्याच्या डाव्या हाताला बसतो. न वाकताही मला दिसतं. आणि मला दिसलं, की समोर चौदा असताना तो अकरा म्हणाला. पुढल्या खेपेला सात असताना दहा.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? सणकच गेली डोक्यात. या टेबलावर लबाडी, आणि ती संपतनं करावी? पण बोललो नाही. नियम मीच तर मिरवत होतो.

मग तो रविवार आला. गोष्टीत नदीला पूर होता, आम्ही तिघं पैलतीरी अडकलो होतो, आणि नावाडी आम्हाला आणायला निघाला होता. मध्यावर होडी कलंडली. संपतनं दोन्ही तळव्यांत फासा घोळवला, टाकला. तो माझ्या पेल्यापाशी येऊन थांबला. अठरा. लख्ख अठरा. मी मनातल्या मनात सुस्कारा सोडला. संपत तिरपा झाला, बराच वेळ बघत राहिला, आणि हळू म्हणाला, “तीन.”

नावाडी बुडाला. शिवलीलाचे डोळे भरून आले. महेश उठून उगाच खिडकी लावून आला. संपत टेबलावर पसरलेल्या उन्हाकडे बघत बसला होता. लबाड माणूस स्वतःला वाचवतो. स्वतःचा इतक्या वर्षांचा माणूस कुणी खोटं बोलून बुडवत नाही. संपतला आकडा दिसलाच नव्हता.

आणि उद्या सोमवार होता.

भीती काय असते ते मला त्या आठवड्यात कळलं. मीही धातू ओततो. टोपणभर असतो, दाताच्या टोपीपुरता. एकदा त्यातला एक थेंब माझ्या पायावर पडला होता. तो चपलेतून, कातड्यातून आत गेला, आणि तिथे अजून एक खळगा आहे, बोट ठेवलं की बसेल एवढा. संपतच्या हाताखालून वाहतो तो रस बादल्यांनी. तो साच्याच्या तोंडात पडतोय की काठावर, हे ज्याला बघायचंय, त्याला हातभर अंतरावरचा अठरा दिसत नाही. आणि त्याच्या भोवती माणसं असतात, घरी डबा देणारी बायको असते, कॉलेजातली मुलगी असते. रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली की माझ्या हातातलं मेण निसटायचं. फोन वाजला की आधी छाती वाजायची. विचारावं, तर त्याच्या ताटातली भाकरी काढून घेतल्यासारखं. न विचारावं, तर कुणाच्या तरी मरणाला उभं राहून बघितल्यासारखं. मी भेकड माणूस आहे. तोंडानं जे जमत नाही, ते हातानं करतो.

मी फासा केला. कवळीच्या हिरडीला वापरतो त्या गुलाबी मसाल्याचा, लिंबाएवढा, वीस बाजूंचा, आणि प्रत्येक बाजूवर उठावदार आकडा, बोटाला लागेल असा. रोज काम आटपलं की घासत बसायचो. डोळे मिटून स्वतःच वाचून बघायचो. सगळे आकडे कळायचे. मनात म्हटलं, जमलं.

रविवारी तो टेबलावर ठेवला. महेश म्हणाला, “कवळी हसाय लागली की रं,” आणि सगळे हसले. मी म्हटलं, आजपासून सगळ्यांनी हाच टाकायचा, जुना झिजला. जुना झिजला नव्हता. सगळ्यांनी टाकला. मग संपतची पाळी आली. त्यानं अजून नवा माणूस नीट ठरवलाही नव्हता. फासा घरंगळला, थांबला. संपतचा हात सावकाश पुढे आला, आणि अंगठा वरच्या बाजूवर टेकला.

काहीच झालं नाही. अंगठा फिरत राहिला, पुन्हा फिरला. मी माझ्या बोटांनी वाचून बघितलं होतं, कापूस आणि मेण हाताळणाऱ्या बोटांनी. त्या रापलेल्या अंगठ्याला काय कळणार होतं? मी त्याला मदत करायला गेलो आणि सगळ्यांसमोर दोनदा आंधळा केला. मग संपतनं अंगठा उचलला, तर्जनी टेकवली, तीही उचलली, आणि शेवटी करंगळी ठेवली. लहान मुलाच्या गालावर ठेवावी तशी.

“सोळा,” तो म्हणाला.

सोळाच होते. कुणी वाकलं नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं.

फासा तळव्यात घेऊन त्यानं माझ्या कानाकडे बघत विचारलं, “तुला कवा कळ्ळं?”

“तुझा नावाडी बुडाला तेव्हा. अठरा होते, संपत.”

तो मान हलवत राहिला. “वाटलं हुतं मला, काय तरी मोठं हाय म्हणून. पण दिसलं न्हाय. न दिसलेलं चांगलं कसं घ्यायचं, लेका? म्हणून मग कमीच सांगितलं.”

शिवलीलानं आमचा पहिला नियम मोडला. “दादा, उद्या पाळी आहे?”

“हाय. सकाळची.”

पुढे खेळ झाला नाही. महेशनं नावाड्याला परत जिवंत करू म्हटलं, तर संपत म्हणाला, “बोललेला आकडा बदलत न्हाय.” चपला घालताना त्यानं आधी चुकून महेशच्या घातल्या. खाली जाईपर्यंत त्याचा हात भिंतीवर होता, आणि तो कधीपासून भिंत धरून उतरत होता हे मला आठवेना.

सोमवारी मी एकही दात केला नाही. दुपारी पाळी सुटायच्या वेळी गाडी काढून शिरोलीला गेलो, त्या फौंड्रीच्या फाटकासमोर उभा राहिलो. माणसं बाहेर पडू लागली, काळवंडलेली, थकलेली, डबे हलवत, आणि प्रत्येकाला तोच वास. मी एकेक चेहरा बघत होतो. संपत नव्हता. गर्दी विरळ झाली, फाटक लागायला आलं, तरी नव्हता. कुणाला विचारावं म्हणून मागे वळलो, तर पलीकडे चहाच्या गाड्यावर बाकड्याच्या टोकाला तो बसलेला. स्वच्छ कपडे. मांडीवर न उघडलेला डबा.

“आत गेलो न्हाय,” तो म्हणाला. “घरी बी गेलो न्हाय. सकाळधरनं हितंच बसलोय.”

मी त्याच्या शेजारी बसलो आणि ढसाढसा रडलो. गाड्यावाला बघत राहिला. शेवटी संपतनंच माझ्या पाठीवर हात फिरवला आणि दोन चहा सांगितले.

तिथून त्याला तसाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेला. मागचा पडदा खराब झालाय, म्हणाले. गेलं ते परत येणार नाही. उरलं ते किती दिवस टिकेल, सांगता येणार नाही. आग मात्र बंद. कंपनीनं त्याला सध्या माल बांधायच्या शेडमध्ये बसवलंय. किती दिवस बसवतील कुणास ठाऊक. त्याची बायको मला भेटली की आधी हसते आणि मग विचारते, “भावजी, डाक्टर काय दुसरं म्हणालं का ओ?” त्या प्रश्नाची मला भीती वाटते.

आता चैत्र आहे. ऊन टेबलावर येत नाही, खिडकीतच पांढरं होऊन थांबतं. ट्रॅक्टर थांबलेत. संपत दर रविवारी येतो, पण वास येत नाही. तो दारात उभा राहिला की मी दचकतो आणि चहाला पाणी कमी पडतं. त्याचा नवा माणूस आंधळा नाही, शहाणा नाही, साधा कुंभार आहे.

गेल्या रविवारी त्यानं फासा टाकला आणि करंगळी पुढे केली नाही. अंगठा टेकवला. भट्टी सुटल्यापासून त्याची रापलेली साल हळूहळू गळून गेली होती, खालून नवी, गुलाबी, माझ्या फाशाच्या रंगाची कातडी आली होती. एकदाच फिरवला आणि म्हणाला, “बारा.” बाराच होते. महेशनं टाळी दिली, शिवलीला हसली, मी मात्र हातातला पेला खाली ठेवला. कारण एवढ्या वेळात संपत खिडकीकडे तोंड करून बसला होता, फाशाकडे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

काळ माणसाकडून घेतो तेव्हा आवाज करत नाही, आणि बदल्यात जे देतो ते इतकं मऊ असतं की हातात आल्यावरच कळतं काय गेलं ते. संपत निघून गेल्यावर मी तो फासा उचलतो, डोळे मिटतो, आणि त्याच्या अंगठ्याची ऊब जाईपर्यंत अठराच्या बाजूवर बोट ठेवून बसतो.